ड्रोन उडवण्याआधी आकडा लिहून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे एका तालुक्याच्या गावातल्या तंत्रनिकेतनात शिकवतात. गेल्या वर्षी त्यांच्या तिसऱ्या वर्षाच्या बारा मुलामुलींनी, मेकॅनिकल आणि ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स) मिळून, ऑनलाइन मागवलेल्या कीटमधून क्वाडकॉप्टर, म्हणजे चार पात्यांचा ड्रोन, जोडला. तो उडाला, स्नेहसंमेलनात टाळ्या मिळाल्या. पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या एक्स्टर्नलनी "मोटर हीच का घेतली?" असं विचारल्यावर एकालाही उत्तर देता आलं नाही. यंदा पुन्हा तेवढेच पैसे मिळणार आहेत. त्यांनी विचारलंय की कीट बंद करून सगळं स्वतःच बनवायला लावलं, तर तरी मुलं इंजिनिअरिंग शिकतील का?

सर, मी अनेक वर्षं पुण्यात कॉलेजच्या मुलांकडून ड्रोन बांधून घेतोय, म्हणून सविस्तर लिहितो. मला वाटतं दोष कीटचा नाही. ४५० मिलिमीटरची फ्रेम, २२१२ मापाच्या चार मोटर्स, १०४५ ची (दहा इंची) पाती, ३० अँपिअरचे ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि ३एस लायपो (तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी) हा संच देशभरच्या कॉलेजांत दिसतो, कारण तो खरोखर चांगला जमलेला आहे. अडचण अशी की तो जमवण्याचा विचार दुसऱ्याच कुणीतरी, केव्हाच करून ठेवलाय. मुलांच्या वाट्याला फक्त स्क्रू पिळणं येतं. उद्या तुम्ही प्लायवूडची फ्रेम कापायला लावलीत आणि मुलांनी व्हिडिओ बघून त्याच मापाची कापली, तर मेहनत चौपट होईल आणि व्हायवातलं उत्तर तसंच अडकेल.

म्हणून मी एकच नियम पाळतो. कुठलाही भाग बसवण्याआधी किंवा कुठलीही चाचणी घेण्याआधी, काय होईल याचा आकडा मुलांनी वहीत पेनने लिहायचा, खाली तारीख आणि सही. मग मोजायचं. दोन आकड्यांत फरक आला की त्याचं कारण सापडेपर्यंत पुढचं काम थांबवायचं. हे झालं तर कीटमधूनही भरपूर शिकता येतं. हे झालं नाही तर शून्यातून बनवलेल्या ड्रोनमधूनही फारसं हाती लागत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. तुमच्याकडे एकच सेमिस्टर असेल तर फ्रेम आणि फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा तोल सांभाळणारा बोर्ड) दोन्ही स्वतः बनवण्याच्या फंदात पडू नका, एकच निवडा. विभागात सी प्रोग्रॅमिंग नीट शिकवणारं कुणी असेल तर कंट्रोलरकडे वळा. वर्कशॉप चांगलं असेल तर फ्रेमकडे. दोन्ही नसेल तर सरळ कीट घ्या आणि सगळा वेळ मोजमापावर घालवा. त्यात कमीपणा मानण्याचं अजिबात कारण नाही.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. पहिले काही आठवडे ड्रोन जोडूच देऊ नका. एकच मोटर, एकच ईएससी, एक पातं आणि बॅटरी द्या आणि थ्रस्ट, म्हणजे पात्याचा ओढा, मोजायचं साधन बनवायला सांगा. लाकडाच्या दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या काटकोनात जोडायच्या, कोपऱ्यात बेअरिंग किंवा सैलसर बोल्ट घालून तो कोपरा फिरता राहील असा टेबलाला बसवायचा. उभ्या पट्टीच्या टोकाला मोटर आडवी बसवायची, आडव्या पट्टीचं टोक स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टेकवायचं. मोटरने ज्या दिशेला ओढल्यावर काट्यावर दाब येतो त्या दिशेला पातं ठेवायचं. मोटर बंद असताना काटा शून्यावर आणला आणि दोन्ही पट्ट्या सारख्या असल्या की काट्यावरचे ग्रॅम म्हणजेच थ्रस्ट. हवा आडवी जाते, त्यामुळे वाऱ्याचा झोत काट्यावर पडून आकडा बिघडत नाही. बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये वॉटमीटर लावा. थ्रॉटल (मोटरला किती जोर द्यायचा तो आकडा) दहा-दहा टक्क्यांनी वाढवत ग्रॅम, अँपिअर आणि व्होल्ट यांचा तक्ता करा. सावकाश होतं, पण मेकॅनिकलची मुलं इथे पहिल्यांदा मोमेंटचं गणित स्वतःहून मांडताना दिसतात, कारण पट्ट्या सारख्या नसतील तर आकडा चुकतो हे त्यांना डोळ्यांसमोर दिसतं.

हा तक्ता हातात आला की पुढचं सगळं त्यावर चालतं. समजा तुमचा पूर्ण ड्रोन १.३ किलोचा होणार आहे. म्हणजे तरंगायला प्रत्येक मोटरने ३२५ ग्रॅम उचलायला हवेत. तक्त्यात ३२५ ग्रॅम किती थ्रॉटलला मिळतात ते बघा आणि लिहून ठेवा की इतक्या थ्रॉटलला ड्रोन जमीन सोडेल. पुढे महिन्याभराने खरंच तेवढ्या थ्रॉटलला ड्रोन उचलला गेला की मुलांचे चेहरे बघा. टाळ्यांपेक्षा तो आनंद वेगळा असतो. आणि नाही उचलला गेला, तर आणखी चांगलं. मग वजन पुन्हा करा, पाती उलटी बसली आहेत का बघा, ईएससीचं कॅलिब्रेशन तपासा.

बॅटरीचं गणित मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन शिकवतो, कारण इथे प्रत्येक गटाची समजूत एकच असते की बॅटरी दुप्पट केली म्हणजे उड्डाणाचा वेळ दुप्पट. त्यांना सांगा, आधी हिशोब करा. तरंगण्यासाठी लागणारी किमान शक्ती थ्रस्टच्या दीड घाताला हवेची घनता गुणिले पात्याच्या चकतीचं क्षेत्रफळ याच्या दुपटीच्या वर्गमुळाने भागून मिळते. दहा इंची पात्याची त्रिज्या ०.१२७ मीटर, क्षेत्रफळ सुमारे ०.०५ चौरस मीटर. हवेची घनता पुस्तकात समुद्रसपाटीला १.२२५ किलो प्रति घनमीटर दिलेली असते, पण पुण्यासारख्या ५६० मीटर उंचीच्या गावात उन्हाळ्यात ती १.१ च्याही खाली येते. मी हिशोबाला १.१ धरतो. प्रत्येक मोटरचा थ्रस्ट ३.१९ न्यूटन. उत्तर येतं मोटरमागे सुमारे १७ वॅट, चारही मिळून ६८ वॅट. ही आदर्श शक्ती झाली. पात्याची आणि मोटरची मिळून कार्यक्षमता निम्मी धरली तर बॅटरीतून साधारण १३५ वॅट जातील. २२०० एमएएचच्या ३एस बॅटरीत २४.४ वॅट-तास असतात, त्यातले ८० टक्केच वापरायचे. म्हणजे साडेआठ ते पावणेनऊ मिनिटं.

आता ५२०० एमएएचची बॅटरी लावा. वजन दोनशेएक ग्रॅमनी वाढून दीड किलो झालं. लागणारी शक्ती १६९ वॅटवर गेली आणि वेळ आला सुमारे १६ मिनिटं. अशा दोन बॅटऱ्या समांतर लावल्या तर वजन १.८८ किलो, शक्ती जवळपास २३७ वॅट आणि वेळ सुमारे २३ मिनिटं. बॅटरी दुप्पट झाली आणि हातात आली फक्त सात मिनिटं. शिवाय मोटर जास्तीत जास्त ८०० ग्रॅम उचलत असेल तर चार मिळून ३.२ किलो, म्हणजे वजनाच्या जेमतेम १.७ पट. दुपटीच्या खाली आलो की वाऱ्यात ड्रोन सांभाळायला हात उरत नाही. हा तक्ता मुलांनी स्वतः मांडला की "मोटर हीच का?" आणि "बॅटरी एवढीच का?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यांच्या वहीत तयार असतात, पाठ करावी लागत नाहीत.

यातल्या निम्म्या कार्यक्षमतेच्या गृहीताबद्दल एखादी चुणचुणीत मुलगी विचारेलच की हे कुठून आणलंत. तिला सांगा, तुमच्याच थ्रस्टच्या तक्त्यात बघ. ३२५ ग्रॅमला वॉटमीटरने किती वॅट दाखवले? १७ ला त्या आकड्याने भागा. आली तुमची स्वतःची कार्यक्षमता, कुणाच्या पुस्तकातली नाही.

फ्लाइट कंट्रोलरकडे वळू. इथे दोन टोकाची मतं ऐकू येतात. काही शिक्षक म्हणतात, पिक्सहॉक हा तयार फ्लाइट कंट्रोलर लावला की मुलं काही शिकत नाहीत. काही म्हणतात, आर्डुइनो या छोट्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डावर स्वतःचा कोड लिहिणं म्हणजे वेळेचा अपव्यय. माझं मत दोघांच्या मधलं आहे. पूर्ण उडणाऱ्या ड्रोनचा कंट्रोलर एका सेमिस्टरमध्ये मुलांकडून लिहून घेऊ नका. पण एका अक्षावर तोल सांभाळणारा कंट्रोलर मात्र नक्की लिहून घ्या. एक मीटरभर पट्टी मध्यभागी आडव्या दांड्यावर फिरती बसवा, दोन टोकांना दोन मोटर्स, मध्ये एमपीयू ६०५० सेन्सर आणि आर्डुइनो. पट्टी आडवी राहिली पाहिजे, बस.

एवढ्याशा साधनात नियंत्रणाचा जवळजवळ पूर्ण पेपर सामावलेला आहे. त्या सेन्सरमध्ये दोन भाग असतात, गुरुत्वाकर्षणावरून कल सांगणारा ॲक्सेलरोमीटर आणि फिरण्याचा वेग मोजणारा जायरो. ॲक्सेलरोमीटरचा कोन मोटर फिरायला लागली की थरथरतो. जायरोचा कोन गुळगुळीत असतो, पण मिनिटभरात सरकत जातो. मग दोघांचं मिश्रण करावं लागतं, साधारण ९८ टक्के जायरो आणि २ टक्के ॲक्सेलरोमीटर, आणि मुलांना कळतं की फिल्टर ही पाठ करायची गोष्ट नसून दोन अपुऱ्या साक्षीदारांकडून खरं काढून घेण्याची रीत आहे. पट्टी सावरणाऱ्या कोडमध्ये पी, आय आणि डी असे तीन आकडे असतात: चुकलेल्या कोनाला, साचत गेलेल्या चुकीला आणि चूक बदलण्याच्या वेगाला किती जोरात उत्तर द्यायचं ते. पी वाढवला की पट्टी झटकन येते पण हेलकावे खाते. डी घातला की हेलकावे मरतात, पण जास्त झाला की मोटर्स कर्कश आवाज करून तापतात. एका टोकाला वॉशर चिकटवा, पट्टी किंचित कललेलीच राहील. आय घातला की हळूहळू आडवी होईल. यानंतर त्याच मुलांना तयार कंट्रोलर द्या. स्क्रीनवरचे तेच तीन आकडे आता त्यांना ओळखीचे असतात.

आणि तयार बोर्डाबद्दल त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. पिक्सहॉकची सुरुवात झुरिचच्या ईटीएचमध्ये लोरेन्झ मायर या विद्यार्थ्याच्या प्रकल्पातून झाली. त्याने विद्यार्थ्यांचा गट जमवला आणि २००९ मध्ये त्यांनी युरोपातल्या छोट्या विमानांच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलं. ड्रोन आणि जमिनीवरचा संगणक ज्या मावलिंक भाषेत बोलतात तीही त्याच कामातून आली. आपल्याकडे नवी मुंबईची आयडियाफोर्ज ही कंपनी आयआयटी मुंबईत शिकलेल्या मुलांनी २००७ मध्ये काढली. मुलांच्या हातातला बोर्ड त्यांच्याच वयाच्या कुणीतरी सुरू केलेला आहे हे कळल्यावर ती मॅन्युअल वेगळ्या नजरेने वाचतात.

ड्रोन पडणारच. त्या दिवसासाठी वेगळी तासिका राखून ठेवा. पडल्यावर मुलं सगळ्यात आधी काय करतात, तर पाती बदलून पुन्हा उडवतात, आणि तो पुन्हा तसाच पडतो. माझा नियम असा की पडलेल्या ड्रोनला हात लावण्याआधी फोटो, मग बॅटरी काढायची, मग कंट्रोलरने साठवलेली उड्डाणाची नोंद, म्हणजे लॉग, उतरवायचा. अर्डुपायलट या कंट्रोलरवरच्या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये मागितलेला कोन आणि प्रत्यक्ष कोन शेजारी-शेजारी काढता येतात. दोन्ही रेषा बराच वेळ एकत्र चालल्या आणि एका क्षणी अचानक फाटल्या, तर बहुतेक वेळा यांत्रिक बिघाड असतो, एखादी मोटर, ईएससी किंवा पातं गेलेलं असतं. त्याच क्षणी एका मोटरला पूर्ण थ्रॉटल दिलेला दिसेल, आणि ड्रोन त्याच कोपऱ्याकडे कललेला असेल. गुन्हेगार सापडला. बहुतांश वेळा तो कच्चा डाग (सोल्डर) दिलेला बुलेट कनेक्टर, म्हणजे मोटरच्या तारा जोडणारी पिन, निघतो. कंपनाचा आलेखही बघा. तो ३० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या खाली असेल तर ठीक, ६० च्या वर गेला तर उंची आणि स्थान दोन्ही भरकटतात. पात्याला टेपचा बारीक तुकडा लावून तोल साधला की हा आलेख कसा खाली येतो हे मुलांनी आधी आणि नंतर काढून दाखवलं पाहिजे. जीपीएसवर जागच्या जागी थांबायला सांगितलेला ड्रोन मोठमोठी वर्तुळं काढू लागला, तर होकायंत्र बॅटरीच्या जाड तारांजवळ आहे का ते तपासा. अभियांत्रिकीच्या शिक्षणात अपघाताचा शांतपणे तपास करायला शिकवणारा असा दुसरा स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

आता गटाबद्दल, कारण बारा जण आहेत. हा भाग मला फार जिव्हाळ्याचा आहे. जवळपास प्रत्येक कॉलेजात मी हे पाहतो की दोन मुलं सगळं सोल्डरिंग आणि उडवणं करतात, मुलींकडे रिपोर्ट आणि पोस्टर येतं आणि उरलेले सामान आणायला पळतात. हे तुम्ही थांबवलं नाही तर आपोआप घडतं. तीन-तीनचे चार गट करा, कामं दर तीन आठवड्यांनी फिरवा. ज्याने गणित केलं त्यानेच ते मोजायचं. प्रत्येकाने किमान एक ईएससी स्वतः डाग देऊन जोडलेला असला पाहिजे आणि प्रत्येकाने आधी सिम्युलेटरवर आणि मग मैदानावर ड्रोन हवेत धरलेला असला पाहिजे. ट्रान्समिटर केबलने संगणकाला जोडला की सिम्युलेटर फुकटात चालतो, त्यामुळे सबब उरत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मी मुळीच सैल सोडत नाही. टेबलावर काम करताना पाती काढलेली, अपवाद नाही. दहा इंची पातं मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३५० किलोमीटरच्या वर जातो. बोटांचं काय होईल ते मुलांनीच गणिताने सांगावं. लायपो बॅटरी बॅलन्स चार्जरवरच, माणूस समोर बसलेला असताना, मातीच्या किंवा वाळूच्या भांड्यात चार्ज करायची. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर नाही, उडताना ३.५ च्या खाली नाही, कपाटात ठेवताना ३.८. फुगलेली बॅटरी कितीही महाग असली तरी पुन्हा वापरायची नाही. आणि पहिल्या उड्डाणाआधी पाती काढून ट्रान्समिटर बंद करून बघायचा. मोटर्स ठरल्याप्रमाणे थांबल्या नाहीत तर त्या दिवशी उड्डाण नाही.

नियमांची धास्ती घेऊ नका, पण ते वाचा. ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ ला आले. २५० ग्रॅम ते २ किलो वजनाचा तुमचा ड्रोन सूक्ष्म वर्गात येतो. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेला संशोधन आणि चाचणीसाठी हरित क्षेत्रात (सरकारी नकाशावर हिरव्या दाखवलेल्या भागात), स्वतःच्या आवारात किंवा ताब्यातल्या मोकळ्या जागेत उडवताना प्रकार प्रमाणपत्र, ओळख क्रमांक, पूर्वपरवानगी आणि पायलटचा परवाना यांतून सूट ठेवलेली आहे. तुमचं मैदान हरित क्षेत्रात आहे का ते डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर बघा आणि त्या दिवसाची प्रत काढून फाइलला लावा, प्राचार्यही निश्चिंत होतील. फेब्रुवारी २०२२ पासून पूर्ण तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, पण सुटे भाग मिळतात. शक्य असेल तर ते आणायला एकदा मुलांना घेऊन पुण्यात पासोड्या विठोबाच्या गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा. दुकानदाराशी बोलून दोन मोटर्समधला फरक विचारणं हाही एक धडाच आहे.

पैशांबद्दल एवढंच सांगतो की चार गटांना चार ड्रोन देऊ नका. दोन ड्रोन, एक चांगला ट्रान्समिटर, एक चांगला चार्जर, थ्रस्ट मोजायचे दोन सांगाडे घ्या, आणि एकूण रकमेचा तिसरा हिस्सा मोडतोडीसाठी बाजूला ठेवा. पाती डझनाने घ्या. सुट्या भागांना पैसे नसले की मुलं पडण्याच्या भीतीने उडवतच नाहीत आणि ड्रोन कपाटात शोभेला राहतो.

गुण देताना उडाला की नाही याला पाचवा हिस्साच द्या. बाकीचे गुण वहीतल्या अंदाजांना, त्या मोजमापांशी ताडून पाहण्याला आणि पडल्याच्या अहवालाला. हे सेमिस्टरच्या पहिल्याच दिवशी जाहीर करा आणि एक्स्टर्नलनाही आधी कळवा, नाहीतर ते सवयीने उडवून दाखवायला सांगतील आणि मुलं पुन्हा तेवढ्याच तयारीला लागतील. व्यवस्थापनाला प्रात्यक्षिक हवंच असेल, तर उडवण्याआधी एका विद्यार्थ्याने फळ्यावर लिहावं की आज ड्रोन किती थ्रॉटलला उठेल आणि किती मिनिटं टिकेल. मग उडवा, कुणीतरी घड्याळ लावा.

सुरुवात थ्रस्टच्या सांगाड्यापासून करा. तुमच्या मुलांचा पहिला तक्ता तयार झाला की मला जरूर दाखवा, त्यावरून तुमच्या गावच्या उंचीला आणि मेच्या उन्हाला कोणती बॅटरी बसेल ते आपण मिळून ठरवू.